मंत्रीसाहेब, माझ्या बांधावर तुमचे दोन ड्रम अजून पडून आहेत

मा. कृषिमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. अर्ज लिहिलेत बरेच, त्यांचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या मंगळवारी आमच्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. मुलगी बाळंतपणाला आलीय, बाळ दीड महिन्याचं. अंगावरचं दूध पुरेना म्हणून पावडरचं दूध सुरू केलं होतं, ते कालवायला पाणी आमच्याच विहिरीचं, उकळून गार केलेलं. आशाताई बाटली भरून घेऊन गेल्या होत्या. नायट्रेट निघालं ९६. पिण्याच्या पाण्याला मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅमची. डॉक्टर म्हणाले बाळाला यातलं चमचाभरसुद्धा देऊ नका, आणि उकळून काही उपयोग नाही, उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी तेवढं आटतं आणि राहिलेल्यात ते जास्तच होतं. लहान बाळाचं रक्त यामुळे ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, ओठ निळे पडायला लागतात.

बाळ बरं आहे. पण पंधरा दिवस मी स्वतःच्या हातानं ते पाणी उकळत होते साहेब, चांगलं वीस-वीस मिनिटं, काळजी घ्यायची म्हणून. त्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून मी तीनदा उठून त्याचे ओठ बघितले. आता विकतचे जार आणतोय. विहीर माझ्या सासऱ्यांनी खणलेली, दुष्काळात अर्धं गाव तिच्यावर प्यायलं, आणि आज तिचं पाणी घरातल्या बाळाला चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल पाण्याचं खातं माझ्याकडे नाही. हेच तर दुखणं आहे. पाणी एका खात्याचं, माती दुसऱ्या खात्याचं, लेकरू तिसऱ्याचं. पण नायट्रेट काही खातं विचारून खाली उतरत नाही. आपण युरिया टाकतो, जमिनीत आठ-पंधरा दिवसांत त्याचं नायट्रेट होतं, आणि आपली काळी माती त्याला धरून ठेवू शकत नाही कारण दोघांचा विद्युतभार ऋणच, एकमेकांना चिकटत नाहीत. मोठा पाऊस झाला की जे पिकानं उचललं नाही ते पाण्याबरोबर खाली. टाकलेल्या नत्रातलं, म्हणजे खतातल्या नायट्रोजनातलं, निम्मंही बहुतेकदा पिकाला लागत नाही. बाकीचं कुठं जातं ते माझ्या विहिरीनं सांगितलं. आमचा उकिरडा विहिरीपासून लांब नाही, शेजारच्यांच्या संडासाचा शोषखड्डाही जवळ आहे, त्यातूनही येत असेल, मी सगळं युरियावर ढकलत नाही. पण चारी बाजूंनी मका, कापूस आणि ऊस आहे आणि आम्ही सगळेच पिकाला पोतं कमी पडू नये या भीतीनं टाकतो.

हे मला कसं माहीत? तुमच्याच माणसांनी शिकवलं. आणि खरी तक्रार इथून सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी एका संशोधन केंद्राची मंडळी आली. प्रयोगाला एक एकर द्या म्हणाले, पाच वर्षांचा प्रयोग आहे, माती आणि पाणी दोन्ही मोजणार, निकाल तुमच्या घरी आणून देणार. घरातले नको म्हणत होते, मी हो म्हटलं. अर्धा एकर आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, नांगरट, कुळवाच्या दोन पाळ्या, सपाट पेरणी, युरिया दोन हप्त्यांत. दुसरा अर्धा एकर रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे रुंद उंच वाफा आणि बाजूनं पाण्याची सरी, मका आणि तूर, मधल्या जागेत ताग पेरून फुलोऱ्याच्या आत कापून तिथेच अंथरायचा, धसकटं उपटायची नाहीत, नांगर लावायचा नाही, युरिया कमी आणि तीन हप्त्यांत. दोन्ही तुकड्यांच्या उताराला एकेक ड्रम पुरला, वाहून जाणारं पाणी आणि गाळ मोजायला. ड्रमची पातळी रोज लिहायचं काम माझं.

मी लिहिली, दोन खरीप. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्री असा पाऊस झाला की झोपच लागली नाही, सकाळी चिखल तुडवत गेले तर नांगरटीकडचा ड्रम काठोकाठ भरून ओसंडून गेलेला, तळाशी वीतभर काळा गाळ, माझं रान होतं ते. तागाकडचा ड्रम अर्धाही भरला नव्हता आणि पाण्यातून तळ दिसत होता. तसंच सुकलेलं ढेकूळ दोन्हीकडचं आणून दोन काचेच्या ग्लासात पाण्यात सोडलं, केंद्राच्या साहेबांनीच तसं करून दाखवलं होतं. नांगरटीचं ढेकूळ बघता बघता विरघळून पिठासारखं बसलं. तागाखालचं संध्याकाळपर्यंत तसंच उभं. माझ्या नवऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा मान हलवली. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस, भाषणानं हलत नाही, ग्लासानं हलला.

आणि मग बंद. तिसऱ्या खरिपाला कुणी आलंच नाही. फोन केला तर प्रोजेक्टची मुदत संपली, पुढचा निधी आला नाही, आमची बदली झाली. पाचाची दोन वर्षं झाली. मातीचे नमुने त्यांनी चार वेळा नेले, पाण्याच्या बाटल्या नेल्या, त्यात विहिरीच्याही होत्या. साहेब, विहिरीच्याही होत्या! त्यांचा आकडा कुणी मला सांगितला असता तर मी त्या पाण्यात बाळाचं दूध कालवलं असतं का? तो कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आहे, अहवाल झाला असेल, कुणाचं प्रमोशनही झालं असेल, आणि ज्या बाईच्या विहिरीतून पाणी नेलं तिला आकडा कळला आशाताईंकडून.

माती मार्चएंड बघत नाही हो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कस, पाव टक्का वाढायला वर्षानुवर्षं लागतात, दोन वर्षांत तिथं काय दिसणार, आणि मग तुमचेच लोक म्हणणार प्रयोगाचा ठळक परिणाम आढळला नाही. इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, सरकारं किती आली-गेली, शेत तेच. इतकं लांब जायला नको. आपल्या देशातच खतांचे दीर्घकालीन प्रयोग १९७० पासून चालू आहेत, अकोल्यालाही आहेत, नुसती रासायनिक खतं आणि शेणखताबरोबर खतं यातला फरक वर्षानुवर्षं मोजलाय. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७६ पासून आपल्यासारख्याच काळ्या जमिनीवर रुंद वरंब्याचा प्रयोग, हेक्टरी पाच टनांच्या आसपास धान्य, आणि जुन्या पद्धतीत टनभर. म्हणजे ज्ञान आहे. ते कुंपणाच्या आत आहे. आमच्या उतारावर, आमच्या पावसात, आमच्या कर्जात ते कसं बसवायचं हे बांधावरच शोधावं लागतं आणि बांधावरचाच प्रयोग तुम्ही आधी बंद करता.

माती तपासून सरकार देतं ती मृदा आरोग्य पत्रिका २०१५ ला आली, माझ्याकडेही आहे, जपून ठेवलीय. बारा गोष्टी मोजतात, नत्र-स्फुरद-पालाशपासून बोरॉनपर्यंत. नमुना ओलिताखाली अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. माझं रान त्या चौकोनाच्या कुठल्या कोपऱ्यात? आणि त्या बारांत पाणी मुरतं किती ते नाही, गांडूळ नाही, ढेकूळ टिकतं का ते नाही, खालच्या विहिरीचं पाणी तर नाहीच. याला आरोग्य म्हणता?

पैसा नाही असं सांगू नका. खतांच्या अनुदानावर केंद्र वर्षाला दीड लाख कोटींच्या वर खर्च करतंय. २०१० ला बाकीच्या खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यावर ठरवलं, युरिया तेवढा बाहेर ठेवला, म्हणून ४५ किलोचं पोतं २६६ रुपयांना आणि बाकी सगळं महाग. मग शेतकरी काय टाकणार? वर दुकानदार लिंकिंगमध्ये, म्हणजे खत हवं तर हेही घ्या म्हणून, नको ती बाटली गळ्यात मारतो. आणि सभेत आम्हालाच ऐकवता की शेतकऱ्यांनी खतांचा संतुलित वापर करावा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी शंभरात पस्तीस नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर आहेत. शंभरात पस्तीस! यावर किती मिनिटं चर्चा झाली ते सांगा. कृषी सहाय्यकाकडे चार-पाच गावं, दिवसभर तो पंचनामे, ॲप आणि फोटोत, ढेकळाकडे बघायला त्याला फुरसत तुम्हीच ठेवली नाही. नवीन योजनेला नाव मिळतं, फोटो मिळतो. चालू प्रयोगाला चौथ्या वर्षी पैसे देण्यात कुणाचाच फोटो येत नाही, म्हणून ते मरतात.

मागणं थोडंच आहे. माझ्या शेतातून आणि विहिरीतून नेलेल्या प्रत्येक नमुन्याचा आकडा मला मराठीत, कागदावर द्या, आणि असे प्रयोग जिथे जिथे झाले त्या प्रत्येक घरी द्या. शेतकऱ्याच्या रानात प्रयोग सुरू करायचा तर दहा वर्षांचा पैसा आधी बाजूला काढा. युरिया कमी करून पहिली दोन-तीन वर्षं पिकाचा उतारा घटला तर ती घट आमच्या अंगावर टाकू नका, ती सोसायची ताकद असती तर आम्ही कधीच बदललो असतो. आणि विहिरीचं पाणी मातीच्या नमुन्याबरोबरच तपासा, त्याच दिवशी, त्याच माणसानं.

तागाचा तुकडा मी मोडलेला नाही. यंदा बी माझ्या पैशानं आणलं. ड्रम पुरलेलेच आहेत, एकाची कडी गंजलीय, वही माझ्याकडे आहे, तिसऱ्या वर्षाच्या नोंदीही मी एकटीनं लिहिल्यात. मृगाच्या आत कुणाला तरी पाठवा. रिकाम्या हातानं नको, आधीचे आकडे घेऊन पाठवा.

आपली,
गोदावरी खोऱ्यातली एक शेतकरी