रनिंग बॅकवरून रागावलेल्या मन्यास

नेपरव्हिल, ४ मे २०२५

प्रिय मन्या,

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले, सगळे, शिव्यांसकट. उत्तर टाइप करायला बसलो तर लक्षात आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर हे मावणार नाही, म्हणून सरळ मेल टाकतोय. रविवार आहे, बायको आणि पोरगी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला गेल्यात, मला पार्किंगला माणूस हवा होता म्हणून बोलावत होते पण मी कंबर दुखतेय सांगून सटकलो. तेव्हा निवांत वाच.

तुझी मेन तक्रार एकच, आपल्या बेअर्सनी, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल टीमने, यंदाच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, का नाही घेतला. बरोबर? बाकी सगळं तू त्याच रागात बोललायस. आता मला सांग, तुझा लाडका रनिंग बॅक जेंटी आपल्याला मिळणार कसा होता? तो सहाव्या नंबरला रेडर्सकडे गेला, आपला नंबर दहावा. बॉइसी स्टेटला एका सीझनमध्ये २६०१ यार्ड पळालेला पोरगा, बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या रेकॉर्डला २७ यार्ड कमी पडले फक्त, तो काय दहापर्यंत आपली वाट बघत थांबणार होता? वर सरकायचं म्हटलं तर पुढच्या वर्षीचे पिक (निवडायचे नंबर) द्यावे लागले असते आणि मग तूच ओरडला असतास की आपला जनरल मॅनेजर पोल्स याने भविष्य विकलं. हॅम्प्टन हा दुसरा रनिंग बॅक होता दहाला, मान्य, चार्जर्सने त्याला २२ ला उचलला. पण दहाव्या पिकवर तो? मला नाही पटत. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवसाचं दुःख मात्र मलाही आहे. आणखी दोन रनिंग बॅक होते, ३६ ला ब्राउन्सने जडकिन्स नेला, ३८ ला पेट्रियट्सने हेंडरसन नेला आणि ३९ ला आपण. म्हणजे अगदी दारात येऊन गाडी चुकली. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले असतील, त्या वेळेला माणूस चिडतोच.

पण मन्या, तू गेल्या सीझनच्या मॅचेस बघितल्यास ना? मग तुला आपला रनिंग बॅक स्विफ्टच का आठवतोय? त्याचे ९५९ यार्ड झाले, फार भारी नाही, कबूल. पण गेल्या वर्षी आपल्या पोराला, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅक कॅलेबला, ६८ सॅक पडले, म्हणजे फेकायच्या आधीच त्याला पाडला. अडुसष्ट! सतरा मॅचेसमध्ये. म्हणजे दर मॅचला सरासरी चार वेळा कॅलेब जमिनीवर. एवढं होऊन त्याने ३५४१ यार्ड टाकले, २० टचडाउन आणि फक्त सहा इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), हे कुणी बोलत नाही. बेअर्सच्या इतिहासात एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनला चार हजार यार्ड टाकलेले नाहीत, २०२४ च्या सीझनपर्यंत आपला रेकॉर्ड एरिक क्रेमरचा, ३८३८, तोही १९९५ चा, आणि हा पोरगा पहिल्याच वर्षी, मार खात खात, तिथून फक्त तीनशे यार्डांवर आला.

गेल्या वर्षी काय झालं होतं, तर मांडव घातला, पानं मांडली, पाहुणे बसले, आचारीच नाही. पास पकडणारे मूर, ओडुन्झे, कीनन ॲलन, शिवाय स्विफ्ट, सगळे हजर, पण बॉल हातात आल्यावर तो फेकायला दोन सेकंद तरी मिळाले पाहिजेत ना. म्हणून मी म्हणतो की यंदाचा आपला खरा ड्राफ्ट मार्चमध्येच झाला, क्वार्टरबॅकला वाचवणारी समोरची लाइन तेव्हाच उभी केली. चीफ्सकडून जो थूनी आणला, चार सुपर बोल जिंकलेला माणूस, आणि दिलं काय तर २०२६ चा चौथ्या राउंडचा एक पिक. रॅम्सकडून जोना जॅक्सन, तो आपला नवा कोच बेन जॉन्सन याच्या हाताखाली डेट्रॉइट लायन्सला खेळलेलाच आहे. आणि अटलांटाचा ड्रू डालमन सेंटरला. मधली तिन्ही माणसं नवी, तीही एप्रिल उजाडायच्या आधी. हे झालेलं होतं म्हणून तर ड्राफ्टला आपण रिलॅक्स बसू शकलो, नाहीतर दहाव्या पिकला लाइनवरचा कुठला तरी गार्ड घ्यावा लागला असता आणि टीव्हीवाले हसले असते.

आता लव्हलंड, आपण दहाव्या नंबरला घेतलेला मिशिगनचा टाइट एंड (लाइनवर ब्लॉकही करतो आणि पासही पकडतो तो). तू म्हणालास टाइट एंडच घ्यायचा होता तर पेन स्टेटचा वॉरन का नाही. प्रश्न चांगलाय. मीही आधी वॉरनकडेच झुकलो होतो, तो जास्त दणकट, कॉलेजात आकडे त्याचेच मोठे, कोल्ट्सने त्याला १४ ला घेतला म्हणजे तेही काही वेडे नाहीत. लव्हलंडच्या खांद्याचं तर जानेवारीत ऑपरेशन झालंय, उन्हाळाभर तो किती प्रॅक्टिस करेल कुणास ठाऊक. पण मिशिगनला त्याला बॉल टाकणारा धड कुणी नव्हता हेही बघ ना. आणि हा पिक जॉन्सनचा आहे, त्याच्या डोक्यात काय चित्र आहे ते ओळखायला डेट्रॉइटकडे बघितलं की पुरे. २०२३ ला दुसऱ्या राउंडमध्ये लायन्सने लापोर्टा घेतला आणि पहिल्याच वर्षी त्याला कसा वापरला ते आपण वर्षातून दोनदा पोटभर सोसलंय. उंच, पळणारा, निसटून मधोमध मोकळा सापडणारा टाइट एंड. कॅलेबला पॉकेटमधून (लाइनच्या आडोशातून) बाहेर पळायची खोड आहे, त्याला पटकन दिसणारा असा एक माणूस मधे उभा असला की अर्धे सॅक तिथेच वाचतात. आपला आधीचा टाइट एंड कोल कमेट याचं काय होणार विचारू नकोस, दोघं एकत्र खेळतील, लायन्स दोन टाइट एंड लावायचेच.

३९ चा पिक, पास पकडणारा रिसीव्हर लूथर बर्डन, याच्यावर तू एक वाक्यही बोलला नाहीस, आणि मला तर सगळ्यात जास्त मजा त्यातच आली. कारण तो पिक पँथर्सचा होता! २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी पहिल्या नंबरसाठी जे दिलं होतं त्यातला हा शेवटचा हप्ता. हिशोब मांडून बघ जरा. त्यांना क्वार्टरबॅक ब्राइस यंग. आपल्याला डीजे मूर, नऊचा पिक ज्यातून एक पायरी खाली येऊन डार्नेल राइट, ६१ चा पिक जो वर सरकायला वापरून टायरिक स्टीव्हन्सन, मग २०२४ चा पहिला राउंड जो त्यांच्या २-१५ मुळे (दोन जिंकल्या, पंधरा हरल्या) चक्क पहिला नंबर निघाला म्हणजे कॅलेब, आणि आता बर्डन. पोल्सला तू कितीही नावं ठेव, या एका ट्रेडवर त्याची नोकरी आणखी काही वर्षं टिकली पाहिजे. बर्डन २०२३ ला मिझूरीला बाराशेच्या वर यार्ड करत होता, गेल्या वर्षी ७०० पण झाले नाहीत, म्हणून दुसऱ्या राउंडपर्यंत घसरला. कॅच झाल्यावर पळतो कसा ते बघ एकदा, पहिला माणूस त्याला पाडूच शकत नाही.

तुझ्या पोराने विचारलं होतं ना की हे आयपीएलच्या ऑक्शनसारखं असतं का. नाही रे, त्याला सांग की इथे बोली नसते, पैसे कोण जास्त मोजतो हा प्रश्नच नाही, गेल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला तो पहिला निवडतो, आणि आपला नंबर विकता येतो, पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचासुद्धा. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेडचं फळ आपण आत्ता खातोय. सात राउंड, तीन दिवस, आणि यंदा तर ग्रीन बेमध्ये, आपल्या दुश्मन पॅकर्सच्या लॅम्बो स्टेडियमच्या बाजूला, म्हणजे आपलं नाव पुकारलं की हूटिंग फुकट.

पुढचं पटापट सांगतो. ४१ वरून पोल्स मागे सरकला आणि त्यातून ५६ आणि ६२ आले. ५६ ला ओझी ट्रॅपिलो, बॉस्टन कॉलेजचा टॅकल, म्हणजे लाइनच्या टोकाला ब्लॉक करणारा. हा मला आवडला. आपला लेफ्ट टॅकल ब्रॅक्स्टन जोन्स याचा डिसेंबरमध्ये घोटा मोडलाय, तो कधी पूर्ण फिट होईल ते बघायचं, आणि गेल्या वर्षीचा अमेगाजी व्हायकिंग्सच्या मॅचला उभा राहिला तेव्हा काय झालं ते तुला आठवत असेल, मला आठवायचं नाहीये. लेफ्ट टॅकल हीच एक जागा आहे जिथे मला अजून धाकधूक वाटते, आणि तीच जागा कॅलेबच्या पाठीमागची आहे. ६२ ला शेमार टर्नर, टेक्सास ए अँड एमचा, डिफेन्सच्या लाइनवर. माथेफिरू आहे थोडा, पेनल्टी भरपूर करतो, पण ग्रेडी जॅरेट आणि ओडेइंग्बो आधीच आणलेत, त्यांच्यात मिसळून निवळेल. चौथ्या राउंडचा हिपोलिट काही कळला नाही, त्याचं नाव माझ्या कुठल्याच लिस्टमध्ये नव्हतं, डिफेन्सचा कोच डेनिस ॲलनला हवा असेल.

आणि अरे, रनिंग बॅक घेतला की! सातव्या राउंडला, २३३ वा, रटगर्सचा काइल मोनांगाई. तू हसशील. पण सलग दोन वर्षं हजाराच्या वर यार्ड केलेत त्याने, तेही बिग टेनमध्ये, बुटका आहे, स्पीड नाही, पण बॉल हातातून सोडत नाही आणि ब्लॉक करायला घाबरत नाही. मी काही तो जेंटी होईल असं म्हणत नाहीये. स्विफ्ट आहे, तो २०२२ ला जॉन्सनच्याच ऑफेन्समध्ये खेळलाय, रोशॉन जॉन्सन आहे, त्यात हा तिसरा. समोर भोकं पडली की साधा रनिंग बॅकही चार यार्ड काढतो, नाही पडली तर आपला जुना दिग्गज रनिंग बॅक पेटन यालाही मार खावा लागला असता. (आमच्या ऑफिसातला एक म्हातारा अजून रोज पेटनची ३४ नंबरची कॅप घालून येतो. १९८५ ची चॅम्पियन टीम बघितलेली ही जी पिढी आहे ना, ती आपल्यावर हसते, आणि त्यांना तो हक्क आहे.)

तुझं दुखणं खरं काय आहे ते मला माहितेय. तुझा विश्वासच उडालाय. २०१७ ला आपण एक नंबर वर सरकून क्वार्टरबॅक ट्रुबिस्की घेतला आणि पुढे सुपर बोल जिंकणारा माहोम्स दहाला गेला, त्यानंतर ड्राफ्ट म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. प्लेऑफमध्ये आपला किकर पार्की याचा तो बॉल आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून परत आला, ते तू इथे माझ्या सोफ्यावर बसून बघितलंस. आणि गेलं वर्ष, देवा. ४-२ होतो आपण! वॉशिंग्टनला शेवटच्या सेकंदाला तो हेल मेरी (देवावर भरवसा ठेवून फेकलेला लांब पास), आणि आपला स्टीव्हन्सन प्ले चालू झाल्यावरसुद्धा पब्लिककडे तोंड करून हातवारे करत होता. तिथून सलग दहा हरलो. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये तीन पॉइंटने मागे, ३२ सेकंद, टाइमआउट शिल्लक, आणि कोच हाताची घडी घालून घड्याळ संपताना बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला काढला, बेअर्सच्या शंभरेक वर्षांत चालू सीझनमध्ये कोच काढल्याची ती पहिलीच वेळ. एवढं बघितल्यावर माणूस एखाद्या टाइट एंडच्या पिकवर नाचणार कसा.

पण याच कारणासाठी मला वाटतं की आपण ड्राफ्टमधल्या नावांवर भांडण्यात वेळ घालवतोय. कॅलेबला पहिल्या वर्षी जे मिळालं नाही ते आत्ता मिळालंय, म्हणजे समोर भिंत, आणि कानात बोलणारा असा कोच ज्याला ऑफेन्स कळतं. जॉन्सनने पहिल्याच प्रेस कॉन्फरन्सला पॅकर्सचा कोच लाफ्लर याला वर्षातून दोनदा हरवायला मजा यायची असं बोलून दाखवलं तेव्हाच तो मला आवडला. शेवटच्या मॅचला लॅम्बोवर आपला किकर सँटोस याच्या ५१ यार्डाच्या किकने आपण २४-२२ जिंकलो, पॅकर्सविरुद्ध सलग अकरा हरल्यानंतर, म्हणजे सुरुवात त्याच्या येण्याआधीच झालीय म्हण.

आपल्या डिव्हिजनचं (चार टीमच्या गटाचं) मात्र मी गोड करून सांगत नाही. लायन्स १५-२, व्हायकिंग्स १४-३, पॅकर्स ११-६ आणि आपण ५-१२. तिघांशी दोनदा दोनदा खेळायचं. लायन्सचे दोन्ही कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचा आणि डिफेन्सचा कोच) गेले, एक आपल्याकडे, एक जेट्सचा हेड कोच झाला, तर ते थोडे खाली येतील. व्हायकिंग्सने क्वार्टरबॅक डार्नोल्डला जाऊ दिलं आणि आता मॅकार्थीवर जुगार, तोही आपल्याच इलिनॉयचा पोरगा, गेलं पूर्ण वर्ष गुडघ्यामुळे बाहेर होता. पॅकर्सनी २००२ नंतर पहिल्यांदाच पहिल्या राउंडला रिसीव्हर घेतला, गोल्डन, ते बघून मी खरंच टरकलो. ते सहसा वेडेपणा करत नाहीत.

माझा आकडा नऊ. ९-८. प्लेऑफ नाही, पण डिसेंबरमध्ये मॅच बघावीशी वाटेल. लेफ्ट टॅकल सापडला तर दहा. नाही सापडला आणि कॅलेब पुन्हा पन्नासच्या वर सॅक खायला लागला तर सात, आणि तेव्हा तू मला हवं ते बोल. आणि हो, तुझी बाजू एका ठिकाणी मला पटते, सोल्जर फील्डवर थंडीत लेककडून वारा सुटला की पास टाकणं अवघड होतं आणि तेव्हा पळणारा माणूस लागतोच, त्या दोन-तीन मॅचमध्ये हेंडरसनची आठवण मलाही येईल.

शेड्यूल याच महिन्यात येतंय. आलं की आमच्या दुपारी बाराच्या मॅचेस मार्क करून तुला पाठवतो, त्या तुझ्याकडे रात्री साडेदहाला पडतात, नोव्हेंबरपासून साडेअकराला, तेवढ्या तरी लाइव्ह बघ, सकाळी उठून हायलाइट्स बघून शिव्या घालू नकोस. वहिनींना नमस्कार. तुझा आकडा पाठव, पण मे संपायच्या आत पाठव, सप्टेंबरमध्ये दोन मॅच बघून सांगितलेला धरणार नाही.

तुझा,
पक्या