‘अकुशल’ म्हणजे नेमकं कोण?

संपादक साहेब,
मजुरांच्या बातमीत ‘अकुशल कामगार’ सर्रास छापून येतं. किमान वेतनाच्या दरपत्रकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात, १९४८ च्या कायद्यापासूनची ही पद्धत, म्हणजे तिथे तो पगाराचा स्लॅब झाला, ठीक आहे. पण बातमीत वाचणारा सरळ ‘काही येत नाही’ असाच अर्थ घेतो ना! बीडकडचा ऊसतोड मजूर बघा, ऊस अगदी जमिनीलगत छाटायचा कारण साखर बुडख्यात जास्त, मग पाचट म्हणजे वाळलेली पानं काढायची, वाढं म्हणजे वरचा हिरवा शेंडा वेगळा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. जमेल का आपल्याला? (मला तर मोळी उचलणारसुद्धा नाही.) सरकारी दराबद्दल लिहिताना ‘अकुशल वर्गातले’ लिहा, नाहीतर सरळ ऊसतोड मजूर म्हणा.
– एक वाचक