खंड्याची बुडी

सांगली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चित्रकलेच्या तासाला विज्ञानाच्या मॅडम कशाला?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नववीची मुलं खंड्या पक्ष्याच्या बुडीवर छोटी ॲनिमेशन फिल्म करताहेत. त्यामागची गोष्ट अशी. जपानमध्ये बुलेट ट्रेन बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडाशी मोठा धमाका व्हायचा. आसपासची माणसं वैतागली होती. तिथले इंजिनिअर एजी नाकात्सू यांना पक्षी बघायचा नाद. खंड्या हवेतून पाण्यात शिरतो तरी पाणी फारसं उडत नाही, हे त्यांनी हेरलं. त्या चोचीवरून गाडीचं नाक बेतलं, चांगलं १५ मीटर लांब. १९९७ मध्ये ती गाडी ताशी ३०० किलोमीटरनं धावू लागली. आणि हा पक्षी कोणता, तर आपल्या कृष्णेवरचाच छोटा निळा खंड्या!

मुलांनी आयर्विन पुलाजवळ जाऊन तो पाहिला, वहीत काढला. पण पडद्यावर बुडी काही जमेना. सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येकात पक्षी सारख्याच अंतरानं खाली. विहिरीत पोहरा सोडावा तसा उतरायचा बिचारा. मॅडमनी फळ्यावर चारच आकडे लिहिले: १, ३, ५, ७. पडणारी वस्तू सारख्या वेळात या प्रमाणात अंतर कापत जाते. मुलांनी कागदाच्या कडेला तशा खुणा केल्या, चित्रं पुन्हा काढली आणि खंड्यानं खरोखर सूर मारला! अख्खा वर्ग ओरडला. गणिताला घाबरणारी एक मुलगी आता सगळ्यांना खुणा मोजून देते.

चोचीचंही तसंच. टोकापासून ती हळूहळू जाड होत जाते, म्हणून पाणी पुढं न ढकललं जाता बाजूनं सरकतं. हे उमगल्यावर मुलांची रेघच बदलली. आधी नुसता त्रिकोण काढून मोकळी व्हायची.

बाबा, मी सायन्स सोडलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं. एकदा या वर्गात येऊन बसा, फार वाटतं मला.

आता एकच प्रसंग राहिलाय. पकडलेला मासा खंड्या फांदीवर आपटतो, मग डोक्याकडून गिळतो. तुम्ही रोज सकाळी माहुलीच्या घाटावर जाताच. आपटताना तो मान दोन्हीकडं फिरवतो की एकाच बाजूला? नीट बघून कळवा, मुलं अडून बसलीत. आणि आई, पायऱ्यांवर शेवाळ असेल, त्यांना एकट्यानं खाली उतरू देऊ नकोस.

तुमची,
सुमा