नवी सिस्टम घाला, पण जुनी लगेच काढू नका

संपादक महाशय,

लाईट गेली की आमच्या डिचोलीत सगळे वीज खात्याला शिव्या घालतात, मीपण घालतो, पण गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते आणि अख्ख्या पश्चिम ग्रिडचा, म्हणजे आपल्या भागातल्या राज्यांना जोडणाऱ्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा, तोल मुंबईच्या भार प्रेषण केंद्रातून (विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या कचेरीतून) सांभाळतात हे कितीजणांना ठाऊक आहे? तिथले कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी सबस्टेशनांचे आकडे ओढतात, मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाची आवर्तनं, नेहमीच्या ५० हर्ट्झच्या खाली घसरते, मग धावपळ. ही मशिनं जुनी होतात, बदलायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण आमच्या बँकेत नवी सिस्टम घातली तेव्हा चार दिवस पासबुक छापून मिळेना, काउंटरवरची पोर बिचारी नुसती गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेली. बँकेचं एकवेळ चालतं हो, ग्रिडचं नाही! जुनी नि नवी काही महिने शेजारीशेजारी चालवा, आकडे जुळतात का बघा, आणि मग रात्री लोड कमी असताना बदला, ऐन चवथीत तर नकोच. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळली तेव्हा आपण वाचलो, पण ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिणही जोडलीय, सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकीकडची चूक सगळ्यांना भोवू शकते.

— एक वाचक, डिचोली