चि. शमुवेल यास, वहीतल्या सहीबद्दल

खानापूर, रविवार

चि. शमुवेल यास,
प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद.

सकाळची उपासना आटोपून लिहायला बसलो आहे. थोरल्या आत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले, हे कळवावे म्हणून कागद घेतला होता. परंतु परवा फोनवर तू आईला सहज बोलून गेलास की, स्टोअरमध्ये माल न मोजताच वहीत सही करायला सांगतात आणि सगळेच ती करतात. आईने ते मनावर घेतले नाही. मला मात्र दोन रात्री झोप नाही.

तुझी अडचण मी जाणतो. अग्निवीराची चार वर्षे आणि पुढे शंभरातल्या जास्तीत जास्त २५ जणांनाच कायम करणार, अशा वेळी वरिष्ठांपुढे तोंड उघडणे सोपे नसते. तरीही पाहा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगितली नाही. कोणाकडून जुलमाने पैसे घेऊ नका, खोटा आरोप करू नका आणि आपल्या पगारात तृप्त राहा, एवढेच सांगितले. कैसरियाचा कर्नेल्य तर रोमी शताधिपती होता आणि देवदूत त्याच्याच घरी आला. म्हणून वर्दी अंगावर असताना प्रामाणिक राहता येत नाही, असे तुला कोणी सांगितले तर... असो. पाळकसाहेबांसारखा बोलू लागलो, रागावू नकोस.

मी तुझ्याच वयाचा होतो तेव्हाची गोष्ट. १९८९ साली चौकीवर पाठवायच्या ६० ब्लँकेटांचे गठ्ठे माझ्यासमोर उतरले. एका गठ्ठ्याची सुतळी कापून पुन्हा बांधलेली स्पष्ट दिसत होती. मोजली, तर ५२ भरली. तरी जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करून मी ६० वर सही केली, आणि ओठाला लागलेला तो रंग संध्याकाळपर्यंत निघाला नाही. वर चौकीत कोण कुडकुडले, हे मी कधीच विचारले नाही. मला कोणी जाबही विचारला नाही. त्या नाताळात प्रभुभोजनाचा प्याला माझ्या हाती आला, तेव्हा मी तो ओठांना न लावता शेजाऱ्याकडे दिला. तुझ्या आईला हे लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितले. तुला आज सांगतो आहे.

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये कसम परेडला तू बायबलवर हात ठेवलास, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाही मी सांगितले की तो माझा मुलगा. रेजिमेंटच्या ब्रीदात कर्तव्य आधी येते, मान नंतर. पंधराव्या स्तोत्रात तर स्वतःचे नुकसान झाले तरी घेतलेली शपथ न मोडणाऱ्याबद्दल लिहिले आहे. पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. पण सही करण्याआधी एकदा मोज, आणि कमी भरले तर जेवढे आहे तेवढाच आकडा लिही. कायम केले नाही तर घरी ये. मळप्रभेकाठची जमीन थोडी आहे, पण आपली आहे.

आत्याने लोकरी मोजे विणले आहेत, ते पार्सलने येतील. आईचा बीपी पुन्हा वाढला आहे, म्हणून तिला फोनवर यातले काही सांगू नकोस. मला मात्र त्या वहीचे काय झाले, ते लवकर कळव.

तुझा,
पप्पा