सूचना: कोरियाचे नौसेनापती यी सुन-शिन यांच्या रणभूमीची सहल, येत्या शनिवार-रविवारी

सभासदहो, बस शनिवारी पहाटे ५:३० ला सोल स्टेशनसमोरून सुटेल. कोणासाठीही थांबणार नाही, गेल्या वेळचा अनुभव पुरे!

शनिवार: उल्दोल्मोक. हेनाम आणि जिंदो यांच्यामधली ही चिंचोळी सामुद्रधुनी. १५९७ मध्ये इथे यी यांनी १३ जहाजांनिशी १३३ जपानी युद्धनौका परतवल्या. त्याच वर्षी त्यांचं पद काढून छळ झाला होता. इतर जहाजं कचरून मागे रेंगाळली, तेव्हा त्यांचं जहाज एकटं पुढे नांगर टाकून उभं राहिलं. नेतृत्वाची चर्चा काठावरच करू. भरती-ओहोटी पाहून वेळ ठरवली आहे. पाणी अक्षरशः उकळल्यासारखं फिरतं, आवाजही येतो. कठड्यावर मुलांना चढवू नका.

रविवार: तोंगयोंगहून बोटीने हानसान बेट. जपानी आरमाराविरुद्धची यी यांची १५९२ ची क्रौंच पक्ष्याच्या पंखांसारखी व्यूहरचना इथलीच.

सोबत आणा:
- पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड (त्याशिवाय बोटीचं तिकीट नाही)
- वाऱ्याचं जाकीट
- बोट लागत असेल तर गोळी

शाकाहारींनी डबा आणावा, बंदरावर सगळं मासळीचंच. नावं बुधवारी रात्रीपर्यंत कळवा.