मांसाहाराला मर्दानगीची मोहोर कशाला?

महोदय,

मांस खाणारा पुरुष ताकदवान आणि प्राण्याचा जीव जातो म्हणून ते नाकारणारा ‘बायकी’, हा समज अजूनही घट्ट आहे. मॅथ्यू रुबी आणि स्टीव्हन हाइन यांच्या २०११ मधील अभ्यासात लोकांनी शाकाहारी व्यक्तींना अधिक सद्गुणी, पण कमी पुरुषी ठरवले. असे मत देणाऱ्यांत खुद्द शाकाहारीही होते! हँक रॉथगर्बर यांच्या २०१३ मधील अभ्यासात पुरुष मांसाहाराचे उघड समर्थन करताना दिसले, तर स्त्रियांचा कल ताटातले मांस आणि जिवंत प्राणी यांचा संबंध मनात न आणण्याकडे होता. मला यात दिसते ते हे, की कणव दोघांनाही असते, फक्त ती दाबण्याच्या रीती वेगळ्या. शरीर असा भेद करत नाही. निरोगी प्रौढाला, स्त्री असो वा पुरुष, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि ती कडधान्यांतूनही मिळतात.

कोणी काय खावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र प्राण्यासाठी रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा काय रडतोस’ म्हणून हिणवणे पालकांनी आणि शिक्षकांनी आजच थांबवावे. त्या एका वाक्यात मुलाची कणव आणि मुलींची किंमत, दोन्ही तुडवली जातात.

– एक वाचक